इमर्जन्सीत चॉइस कुठे असतो?

तुमच्या टीममधलं कुणी ना कुणी सध्या ऑनसाइटला असेलच. नसेल, तर व्हिसाची वाट बघत असेल. निघताना आई लाडवांचा डबा देते, बाबा सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवतात आणि आधी जाऊन आलेला एखादा सीनियर एकच सल्ला देतो, ‘‘बाकी सगळं कर, पण तिकडे आजारी पडू नकोस!’’ आपण हसतो. पण तो जोक करत नसतो.

माझी एक मैत्रीण न्यू जर्सीत राहते. दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडली. पाय टम्म सुजला, उभं राहता येईना. रूममेट ९११ लावायला लागली, तर हिने तिच्या हातातून फोनच काढून घेतला. म्हणाली, ‘‘ॲम्ब्युलन्स नको, टॅक्सी बोलव.’’ पाय मोडलाय की काय, यापेक्षा बिल किती येईल याचं टेन्शन! इथे १०८ लावला की सरकारी ॲम्ब्युलन्स फुकट येते. ती वेळेवर येते की नाही यावर आपण तावातावाने भांडू, पण तिच्या बिलाची भीती आपल्याला माहीतच नाही.

याच भीतीशी पंगा घेणाऱ्या एका डॉक्टरबद्दल आज सांगायचंय. नाव राउल रुईझ. कोचेला म्हटलं की आपल्याला तो म्युझिक फेस्टिव्हल आठवतो. कॅलिफोर्नियातल्या त्याच खोऱ्यात, शेतमजुरांच्या घरात हा मुलगा वाढला. कॉलेजला जायचं तर पैसे नाहीत. मग पठ्ठ्या गावातल्या दुकानांतून, ऑफिसांतून फिरला. माझ्या शिक्षणात पैसे गुंतवा, मी डॉक्टर होऊन इथेच परत येईन, असं सांगत. पुढे हार्वर्डच्या एक नाही, तीन डिग्र्या घेतल्या : मेडिसिन, पब्लिक पॉलिसी आणि पब्लिक हेल्थ. आणि खरंच परत आला! २००७ पासून रँचो मिराजमधल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात, म्हणजे आपल्या भाषेत कॅज्युअल्टीत, डॉक्टर रुईझ ड्यूटी करू लागले. २०१२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभे राहिले, त्या वेळच्या खासदारबाईंना हरवलं आणि थेट अमेरिकी काँग्रेसमध्ये पोचले.

आता तुम्ही म्हणाल, चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून हा उद्योग कशाला? त्यासाठी तिकडच्या कॅज्युअल्टीचा फंडा समजून घ्यायला हवा. अमेरिकेत १९८६ पासून एक कायदा आहे. इमर्जन्सी घेऊन आलेल्या पेशंटकडे पैसे असोत-नसोत, हॉस्पिटलला त्याला तपासावंच लागतं आणि त्याची तब्येत स्थिर करावी लागते. दारातून हाकलता येत नाही. उत्तम! पण उपचार करा, एवढंच तो कायदा सांगतो. नंतर बिल किती लावा, याबद्दल तो गप्प.

आणि बिलाची खरी गंमत पुढे आहे. समजा, तुम्ही शुद्धीवर असताना अगदी आठवणीने तुमच्या इन्शुरन्सच्या यादीतल्या हॉस्पिटलमध्ये गेलात. पण तिथे तुम्हाला तपासणारा डॉक्टर हॉस्पिटलचा नोकर नसतो, तो वेगळ्याच कंपनीचा असतो. ती कंपनी तुमच्या इन्शुरन्सच्या यादीत नाही. त्याने दोन हजार डॉलर लावले, इन्शुरन्सने पाचशे दिले, उरलेले दीड हजार तुमच्या माथी. महिन्याभराने पाकीट येतं, तेव्हा कळतं. याला तिकडे नावच आहे, ‘सरप्राइज बिल’!

मोबाइल घेताना आपण चार दुकानं फिरतो, घासाघीस करतो. छातीत कळ आल्यावर कोण फिरणार? स्ट्रेचरवर पडल्या पडल्या ‘डॉक्टर, तुम्ही कुठल्या नेटवर्कचे?’ असं विचारणार का? इमर्जन्सीत चॉइस नसतो. मग जी निवड पेशंटने केलीच नाही, तिचा दंड त्याने का भरायचा?

२०१९ मध्ये रुईझ यांनी यावर बिल आणलं, म्हणजे विधेयक. सोबतीला कोण, तर विरोधी रिपब्लिकन पक्षाचे फिल रो, तेही डॉक्टर. म्हणणं साधं होतं : डॉक्टर आणि इन्शुरन्स कंपनीने हवं तेवढं भांडावं, पण पेशंटला मध्ये खेचायचं नाही. भांडण मिटत नसेल तर त्रयस्थ लवाद नेमा. हे विधेयक जसंच्या तसं पास झालं नाही, पण त्यातला मुद्दा टिकला. डिसेंबर २०२० मध्ये ‘नो सरप्राइजेस ॲक्ट’ झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. आता इमर्जन्सीत यादीबाहेरचा डॉक्टर भेटला, तरी पेशंटने यादीतल्या डॉक्टरइतकाच आपला वाटा भरायचा. हेलिकॉप्टरची ॲम्ब्युलन्ससुद्धा यात आली.

टाळ्या? थोडं थांबा. लवाद हवा ही डॉक्टरांच्या संघटनांचीच मागणी होती. इन्शुरन्स कंपन्यांना दर आधीच बांधून हवे होते. म्हणजे खासदार झालेला डॉक्टर शेवटी डॉक्टरांच्याच बाजूने उभा राहिला, असं कुणी म्हटलं तर ते अगदीच खोटं नाही. वर्षाला साधारण २२ हजार तंटे येतील असा सरकारचा अंदाज होता, पहिल्याच वर्षात तीन लाखांवर आले. त्यातले बहुतेक डॉक्टर-हॉस्पिटलवाले जिंकले. हा पैसा फिरून आपल्याच प्रीमियममधून वसूल होणार, अशी टीका होते. मला ती पटते. पण महिन्याभराने येणारं ते पाकीट बंद झालं, हेही मला तेवढंच मोठं वाटतं.

आणि रस्त्यावरून धावणारी साधी ॲम्ब्युलन्स? ती या कायद्यातून चक्क सुटली! बऱ्याच ठिकाणी ती शहराचं अग्निशमन दल चालवतं, दर गावागणिक वेगळे, म्हणून तो प्रश्न समितीकडे ढकलला गेला. काही राज्यांनी स्वतःचे कायदे केले, कॅलिफोर्नियाचा २०२४ पासून आहे. पण ज्या मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या उपचाराचा खर्च स्वतःच उचलतात, त्यांच्या प्लॅनना राज्याचा कायदा लागत नाही. माझी मैत्रीण घाबरली, ते उगाच नव्हतं.

तेव्हा ऑनसाइटला निघालेल्यांनो, एचआरला फक्त विमानाचं तिकीट आणि भत्ता विचारू नका. आपला हेल्थ प्लॅन कंपनी स्वतः चालवते की इन्शुरन्स कंपनी, आणि त्यात ॲम्ब्युलन्सचा खर्च किती मिळतो, हेही विचारा. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील, तर त्यांची ट्रॅव्हल पॉलिसी बारीक अक्षरांसकट वाचा. नो सरप्राइजेसचं संरक्षण तिला नाही.

पण हे सगळं बॅग भरताना करायचं काम आहे. छातीत दुखायला लागलं, तोंड वाकडं झालं, रक्त थांबेना, अशा वेळी मात्र हिशेब करत बसू नका. सरळ ९११ लावा. हॉस्पिटल तुम्हाला परत पाठवू शकत नाही, आणि बिलाशी भांडायला नंतर भरपूर वेळ मिळतो.