नकाशावरचे वर्तुळ आणि कानावरचा आवाज

नभोवाणी केंद्राच्या प्रक्षेपणाचा नकाशा आपण पाहिला असेल. मधोमध मनोरा, भोवती वर्तुळ, आणि वर्तुळात राहणाऱ्या सर्वांना कार्यक्रम ऐकू येतो अशी समजूत. ही समजूत कितपत खरी, हे पाहण्यास दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क ही चांगली जागा आहे. जबल अलीजवळची सुमारे 2,300 हेक्टरांची ही सपाट वसाहत. तेथे कारखाने आहेत, गोदामे आहेत, कामगारांची निवासस्थाने आहेत, आणि त्या कामगारांत आपल्या पूर्वजांच्या देशातून आलेले पुष्कळ आहेत.

हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरीची शक्ती चौथाईवर येते. एफ.एम. लहर जवळजवळ सरळ जाते. 300 मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेली लहर साधारण 75 किलोमीटरनंतर क्षितिजाआड होते. वाळवंट सपाट, तेव्हा वर्तुळ तेथे तरी शोभावे! पण पत्र्याच्या गोदामात शिरले की बाहेरचा खणखणीत आवाज खरखरू लागतो. शिवाय शेजारी समुद्र. उन्हाळ्यात आखातावरच्या दमट हवेवर जमिनीकडची उष्ण, कोरडी हवा पसरते, आणि त्या थराखालून लहर नळीतून जावी तशी शेकडो किलोमीटर निघून जाते. परके केंद्र मग स्थानिक केंद्रावर कुरघोडी करते. जिनिव्हाच्या 1984 च्या एफ.एम. योजनेत शत्त-अल-अरबपासून ओमानच्या आखातापर्यंतचा समुद्र वेगळा धरला, तो याच कारणाने.

आपल्या बेटाचे दुखणे उलटे. येथे डोंगर आडवे येतात. काळ्या नदीचे शिखर अवघे 828 मीटरांचे, पण एफ.एम. लहरीला तेवढी भिंत पुरते.

मध्यम लहरीचे तसे नाही. दिवसा तिला वातावरणाचा वरचा थर शोषून घेतो. रात्री त्याहून उंच थरावरून ती परतते आणि दूर उतरते. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी वर्षानुवर्षे 558 किलोहर्ट्झवर लागत असे. मुंबईहून दुबई सुमारे 1,900 किलोमीटर. एवढा पल्ला मध्यम लहर रात्री गाठू शकते. आता आकाशवाणीच्या वाहिन्या मोबाइलवर मिळतात, म्हणून मध्यम लहर कालबाह्य झाली असे म्हणणारे बरेच आहेत. आम्हांस ते पटत नाही. मोबाइलचा नकाशा पैशाने आखला जातो: रिचार्ज संपला की वर्तुळही संपले. ट्रान्झिस्टरला एकदा सेल घातले की तासाचे भाडे नाही. वादळात वीज गेल्यावर त्याची किंमत काय असते, हे बेटावरच्या घरांना सांगायला नको.

म्हणून लहरीचे बळ मनोऱ्यापासून नव्हे, ऐकणाऱ्याच्या खोलीत मोजावे. दुपारी आणि रात्री, भर उन्हाळ्यातही. आपल्या शाळांतील मुलांना हे करता येईल. एक ट्रान्झिस्टर, एक वही, आणि गावाचा नकाशा; घराघरांत थांबून स्पष्ट, अस्पष्ट, काहीच नाही, एवढेच लिहायचे.