‘शिवकालीन’ ही तारीख नव्हे

१/९
छत्रपती संभाजीनगर परिसरात जुनी तलवार वा कट्यार दिसली, की तिला तत्काळ एकच बिरुद चिकटते: ‘शिवकालीन’. १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलेल्या खडकीपासून औरंगजेबाच्या दख्खन स्वारीपर्यंत आणि पुढे निजामशाहीतही या शहराने अनेक फौजा पाहिल्या. इतका काळ एका शब्दात कोंबणे हे इतिहासप्रेम नव्हे, आळस आहे.

२/९
शस्त्राला एकच जन्मतारीख नसते. पोलादी पाते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सैल झालेली मूठ बदलली जाते. लाकडावर कातडे वा मखमल चढवलेले म्यान सर्वांत आधी झिजते. म्यानावरून पात्याचे वय सांगणे म्हणजे नव्या वेष्टनावरून पोथीचा काळ ठरवणे.

३/९
याची खरी कसोटी म्हणजे फिरंग: पाते युरोपातले, मूठ देशी. समुद्रमार्गे आलेल्या अशा पात्यांत जर्मनीतील सोलिंगेन गावची पातीही होती. तंजावरच्या कित्येक कट्यारींना तर युरोपीय तलवारींच्या पात्यांचे तुकडे बसवलेले आहेत.

४/९
मात्र पात्यावरची खूण वाचली की काम संपले, हाही भ्रमच. धावत्या लांडग्याची खूण मूळची पासाऊ शहराची. सोलिंगेनच्या कारागिरांनी ती उचलली. आंद्रेआ फेरारा या इटालियन कारागिराचे नावही त्यांनी आपल्या पात्यांवर सर्रास ठोकले. काही पात्यांवरचा ‘१४१४’ हा आकडा साल नसून ताईतासारखा अंक आहे. तो १७व्या शतकातील पात्यांवरही आढळतो.

५/९
येथे दोन पक्ष भांडतात. एक म्हणतो, पाते परदेशी, म्हणून शस्त्र खोटे. दुसरा म्हणतो, शस्त्र आपले, म्हणून पाते परदेशी असूच शकत नाही. दोघेही पुराव्याकडे पाठ फिरवून बसले आहेत.

६/९
नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार दोघांनाही उत्तर देते. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती लंडनच्या लिलावातून मिळवली. पाते युरोपीय, त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव, ‘सेनासाहिबसुभा’ हा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द. ज्या गोष्टीची मालकाला लाज वाटली नाही, ती आज लपवण्याचे कारण काय?

७/९
‘पुरावा मागणे म्हणजे अनादर’ हा आक्षेप नेहमीचा. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यात वाघनखे आली. ती अफझलखान-भेटीतलीच आहेत याची खातरजमा करता येत नाही, हे त्या संग्रहालयानेच सांगितले. त्याने महाराजांच्या पराक्रमाला तसूभरही उणेपणा आला नाही. पराक्रम वस्तूवर अवलंबून नसतो. वस्तूची विश्वासार्हता मात्र पुराव्यावरच उभी असते.

८/९
आळसाची किंमत शस्त्रे मोजतात. ‘चकाकी’साठी पॉलिश पेपर घासला, की कारागिराची खूण आणि जुना जर यांसोबत वयाचा पुरावाही जातो. फाटके म्यान टाकून नवे लाल मखमली म्यान घातले, की मूळ लाकूड, शिवण आणि धातूची टोके कायमची हरवतात. वर एखादा नवा ‘ऐतिहासिक’ लेख कोरला, की खऱ्या शस्त्राचेही बनावट होते.

९/९
प्रामाणिक फलक तीन ओळींचा असतो: पाते कोठले व केव्हाचे, मूठ कोणत्या धाटणीची, म्यान मूळचे की नंतरचे. जे ठरत नाही, तेथे ‘अनिश्चित’ लिहावे. त्या एका शब्दात ‘शिवकालीन’च्या शंभर फलकांहून अधिक इतिहास असतो.

#इतिहास #शस्त्रविद्या #मराठी