नवतपा आणि कमरेवरचा पंप

नवतप्यातल्या, म्हणजे मेअखेरीच्या नऊ तापत्या दिवसांतल्या, दुपारी भनपुरीच्या औद्योगिक भागात उभं राहिलं की ऊन वरून येतं, डांबरातून येतं आणि रोलिंग मिलच्या भिंतींतूनही येतं. अशा वेळी माझ्या कमरेला इन्सुलिनचा पंप असतो. आत दोन-तीन दिवसांचं इन्सुलिन, पुढे बारीक नळी, पोटावर टेपने चिकटवलेली कॅन्युला.

न उघडलेली व्हायल 2 ते 8 अंशांत ठेवायची, वापरातली साधारण 30 अंशांखाली, आणि पंपातलं इन्सुलिन 37 अंशांवर गेलं तर टाकून द्यायचं, असं माहितीपत्रकं सांगतात. इथे मेअखेरीस सकाळी अकरालाच हवा 37 ओलांडते. मला पंप वापरायला शिकवलं ते वातानुकूलित खोलीत. बटणं सगळी समजली, पण उन्हाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. याचा मला अजूनही राग येतो, कारण पंपाचा खरा धोका तिथेच आहे.

पेन किंवा सिरिंज घेणाऱ्याच्या अंगात सहसा दिवसभर पुरणारं इन्सुलिन असतं. पंपात फक्त झटपट काम करणारं. ते पोचायचं थांबलं की काही तासांत रक्तात कीटोन, म्हणजे घातक आम्लं, वाढू लागतात. घामाने टेप सुटते, कॅन्युला अर्धवट बाहेर येते, इन्सुलिन सदऱ्यावर झिरपतं. पंप मात्र गप्प. नळी तुंबली तर तो ओरडतो, पण गळती किंवा उन्हाने मेलेलं इन्सुलिन त्याला कळत नाही. म्हणून शुगर विनाकारण 250च्या वर गेली की मी आधी कीटोन तपासतो, दुरुस्तीचा डोस पंपातून न देता पेनने घेतो आणि सेट (नळी आणि कॅन्युला) व इन्सुलिन दोन्ही बदलतो.

याच्या उलटही घडतं. उष्णतेने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो, इन्सुलिन भराभर शोषलं जातं आणि शुगर कोसळते. घाम, धडधड, भोवळ: शुगर उतरल्याची लक्षणं आणि ऊन लागल्याची लक्षणं बरीच सारखी. शेजारचा माणूस लू लागली म्हणून सावलीत बसवून साधं पाणी पाजतो, आणि गरज असते साखरेची. बोटाला सुई टोचल्याशिवाय फरक कळत नाही.

इन्सुलिन थंड ठेवायचे उपाय मात्र आपल्या घरातलेच आहेत. एकात एक ठेवलेली दोन मातीची भांडी, मध्ये ओली वाळू. मे महिन्याच्या कोरड्या हवेत आतल्या भांड्यातलं इन्सुलिन छान थंड राहतं. पावसाळी दमटपणात नाही. केनियातल्या दगाहले निर्वासित छावणीत घरांमधलं तापमान मोजून डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठाने केलेला अभ्यास 2021 मध्ये आला: 25 ते 37 अंशांत चार आठवडे राहिलेल्या इन्सुलिनची ताकद टिकली होती. व्हायलला हे लागू आहे, उन्हात तापलेल्या पंपाला नाही. मी उन्हाळ्यात पंपात थोडंच इन्सुलिन भरतो, तो कपड्याच्या आत ठेवतो, दुचाकीच्या डिकीत कधीच टाकत नाही. बर्फाला तर टेकवायचंच नाही. गोठलेलं इन्सुलिनही वायाच.

पंप लाखांत जातो. भनपुरीत बहुतेकांकडे साधी सिरिंजच आहे. पण ऊन सगळ्यांना तेच. प्रत्येक मिलच्या प्रथमोपचार खोलीत इन्सुलिनसाठी फ्रिजचा एक कप्पा, ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजचा पुडा हवा, आणि पाळीवरच्या कामगाराला तिथवर जायला दहा मिनिटांची सुट्टी, पगार न कापता.