परसबागेकडून काय मागावे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. असे आकडे आले की परसबागेचे नाव हमखास पुढे येते. मागच्या दारी वाफे करा, पालेभाज्या खा, रक्त वाढेल, असा सरळ हिशेब मांडला जातो. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे.

पालेभाजीत लोह असते, मात्र मांस-मासळीतल्या लोहासारखे ते सहज शोषले जात नाही. पालकातले ऑक्झलेट, भाकरी-पोळीतले फायटेट आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा त्याची वाट अडवतात. ती मोकळी करते क जीवनसत्त्व. म्हणजे माठाच्या वाफ्याइतकेच महत्त्व शेजारच्या लिंबाला आणि पेरूला आहे. लिंबूही भाजी चुलीवरून उतरल्यावर पिळावे, कारण क जीवनसत्त्व शिजण्यात बरेच नष्ट होते.

परसबागेची खरी ताकद अ जीवनसत्त्वात आहे. शेवग्याचा पाला, अळू, माठ, लाल भोपळा, पिकलेली पपई यांत बीटा कॅरोटिन भरपूर असते आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. ते शोषले जायला थोडी चरबी लागते, म्हणून फोडणीच्या तेलात फार काटकसर नको. शेवग्याच्या शेंगा घरोघरी आमटीत पडतात. पाल्याची भाजी मात्र कोकणात गोकुळाष्टमीला आवर्जून होते, इतरत्र तो पाला बहुधा शेळ्यांच्या वाट्याला जातो. शेळ्यांची निवड चुकीची नाही!

लावायचे काय, हा प्रश्नही तितकाच मोठा. मेथी-पालकाच्या बियांची पाकिटे वाटणे सोपे, त्याचे छायाचित्रही चांगले येते. पण पाणी आटले की वाफा रिकामा होतो आणि भाजी महाग होते तीही उन्हाळ्यातच. शेवगा, कढीपत्ता, लिंबू एकदा रुजले की थोड्या पाण्यावर तग धरतात. केळ आणि अळू मोरीच्या पाण्यावर वाढतात; कच्ची खायच्या कोथिंबिरीला मात्र ते पाणी घालू नये. भाज्यांचे वाण गावठी असले तर पुढच्या वर्षीचे बी घरीच धरता येते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी याच बळावर गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

इतके करूनही गरोदर स्त्रीची वाढलेली लोहाची गरज परसबाग भागवू शकत नाही. सरकारी कार्यक्रमात तिला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी १८० दिवस दिली जाते. घरात भाजी पिकते म्हणून ती बंद करणे धोक्याचे आहे. ही गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घेतलेली चालते, चहाबरोबर नाही.