घर उपकाराने नको, हक्काच्या कागदाने हवे!

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे गोडवे गाताना एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. गावातील दलितांची घरे गावकऱ्यांनी श्रमदानाने उभी केली, त्यांचे कर्जही फेडले. ज्यांनी घाम गाळला त्यांचा अवमान करण्याचे कारण नाही. पण आंबेडकरी माणसाने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. उद्या गावाची मर्जी फिरली तर काय? 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गावाऐवजी व्यक्तीला राज्यघटनेचा घटक मानले, ते उगाच नव्हे. गावाचा चांगुलपणा आज आहे, उद्या नसेल. हातातला कागद मात्र बोलतो.

आणि नेमका तिथेच आपण कमी पडतो. आपला माणूस आधी गवंडी ठरवतो, मग वाळू-सिमेंट आणतो आणि परवानगीचा विचार नोटीस आल्यावर करतो. परवानगी म्हणजे साहेबापुढे हात जोडणे, ही समजूत त्यामागे आहे. ती काढून टाकली पाहिजे. परवानगी ही घराची ढाल आहे.

ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 52 मध्ये बांधकाम परवानगीची तरतूद आहे. 2021 मध्ये शासनाने ग्रामीण भागात सुमारे 3200 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडासाठी नगररचना कार्यालयाचे हेलपाटे थांबवले. मालकीचा कागद, मोजणीचा नकाशा, घराचा नकाशा आणि तो नियमाप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा व शुल्क भरायचे. भूखंड 1600 चौरस फुटांपर्यंत असेल तर एवढ्यावर काम सुरू करता येते. मात्र अर्जाची पोच घेतल्याशिवाय घरी परतू नका! शहरात नगरपालिकेकडून बांधकाम परवानगी, जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र असे टप्पे असतात. शेवटचा कागद राहिला, तर राहते घरही अडचणीत येते.

पण खरी मेख पहिल्याच कागदात आहे. मालकीचा कागद आणायचा कुठून? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्या घराखालची जमीन कोणाच्या नावावर आहे? नमुना 8 चा उतारा आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकी, असा अनेकांचा गैरसमज आहे. घरपट्टी भरली म्हणून जमीन आपली होत नाही. गायरानावरच्या वस्त्यांना याचे चटके बसले. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरान अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले आणि गावोगाव नोटिसा गेल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या ज्या निकालापासून हे सुरू झाले, त्याच निकालात भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद नोंदवलेला आहे. हे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला तो जमिनीच्या हक्कासाठी. ती लढाई आज तलाठी आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या दारात लढायची आहे.

तपासणीचेही तसेच. घरकुलाचा हप्ता काम कोणत्या टप्प्यावर आले त्याप्रमाणे मिळतो. अभियंता येतो, जागेवर फोटो काढतो आणि पैसे बँक खात्यात येतात. हे त्याचे नोकरीतले काम आहे, उपकार नव्हे. फोटोसाठी कोणी हात पुढे केला तर द्यायचे काय? अर्ज!

त्याची वाटही राळेगणशी जोडलेली आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्रात 2002 चा माहिती अधिकार कायदा आला, 2005 मध्ये देशाला मिळाला. माझा अर्ज कोणत्या तारखेला आला, कोणाच्या टेबलावर पडून आहे, तपासणीचा शेरा काय, हे लेखी विचारा.

आपल्या वस्त्यांत आज सिव्हिलची पदविका घेतलेली मुले-मुली आहेत. महिन्यातून एक रविवार बुद्धविहारात एक टेबल मांडा. वस्तीतल्या प्रत्येक घराचा उतारा, मोजणी आणि परवानगी तपासा. जे नाही त्याचा अर्ज तिथेच लिहून द्या. जयंतीच्या मिरवणुकीइतकेच हेही चळवळीचे काम आहे. नोटीस येण्याची वाट कशाला पाहायची?