गोष्टीसोबतचे चित्र

घरात मासिक आले की मुले आधी चित्रे पाहतात. मोठी माणसे रागावतात, "चित्रे काय बघतोस, वाच!" आम्हाला वाटते, मुलांचे फारसे चुकत नाही. चांगले चित्र गोष्टीकडे ओढून नेते. कधी तर लेखकाने न लिहिलेलेही सांगून जाते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत गोष्टींसाठी तैलरंगात मोठमोठी चित्रे काढत. हॉवर्ड पाइल हे त्यातले उस्ताद. विल्मिंग्टन गावी ते शिष्यांना फी न घेता शिकवत. गोष्टीतल्या माणसाच्या जागी आधी स्वतः उभे राहा, असा त्यांचा आग्रह असे. त्यांचे शिष्य एन. सी. वाइथ यांनी १९११ साली 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीसाठी चित्रे काढली. एकेक कॅनव्हास जवळपास चार फूट उंच. पुस्तकात मात्र ते एका पानात मावले.

त्यातल्या एका चित्रात जिम नावाचा मुलगा घर सोडून निघाला आहे. आईचा हा निरोप लेखक स्टीव्हन्सन यांनी दोन-चार शब्दांत उरकला आहे. वाइथ यांनी त्यावर अख्खे चित्र काढले. मुलगा पुढे चालला आहे आणि मागे आई डोळ्यांना कापड लावून रडते आहे.

शहापूर-मुरबाडच्या घरांना हे चित्र समजावून सांगायला नको. मुलगा आसनगावहून लोकलने किंवा मुरबाडहून एसटीने निघतो. कामासाठी मुंबईला, कधी पुढे आखातात जातो. अब्बा तिकीट, कागदपत्रे, पैसे विचारत राहतात. अम्मी दारात नुसती उभी असते.

चित्राची ही ताकद आपल्याकडेही एका मुस्लिम संपादकाने ओळखली होती. हाजी महंमद अल्लारखिया शिवजी यांनी १९१६ साली मुंबईत 'वीसमी सदी' हे सचित्र गुजराती मासिक काढले. रविशंकर रावळ यांच्यासारख्या तरुण चित्रकाराला त्यांनी काम दिले आणि मासिकासाठी पदरचा पैसा ओतला. १९२१ मध्ये हाजींचा इंतकाल झाला. त्यांच्याकडून प्रेरणा घेऊन रावळ यांनी १९२४ मध्ये अहमदाबादेत 'कुमार' मासिक सुरू केले. मराठीत दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केले आणि कथाचित्रांना घरोघर पोहोचवले.

आपल्या घरात मात्र चित्रकलेची वही रद्दीत आधी जाते. सजीवांची चित्रे काढण्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्या घराला जे मत मान्य, त्याचा आदर आहेच. पण माहुलीचे सुळके, भाताची खाचरे, पावसातला माळशेज घाट, दारातल्या रिकाम्या चपला, खुशखत अक्षरे, एवढे तरी सर्वांसाठी मोकळे आहे. आणि दारातल्या रिकाम्या चपलाही निरोपाची गोष्ट सांगू शकतात.

तेव्हा चित्र काढणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हिणवू नका. शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसवा. घरी एखादी गोष्ट वाचून दाखवा आणि विचारा, "यात काय लिहायचे राहिले? ते काढून दाखव." अशाने मुलांचा हात तयार होईल आणि दुसऱ्याचे मन वाचायची सवयही लागेल, इन्शाअल्लाह.