'पूरक' शब्दाची पळवाट

घरातील वृद्ध नावे विसरू लागले की कुर्ला स्थानकाबाहेरील औषधांच्या दुकानातून ब्राह्मीच्या गोळ्या घरी येतात. त्यांना चिठ्ठी लागत नाही.

वनस्पतीत गुण नसतो, असे नव्हे. स्मृतिभ्रंशावर डॉक्टर देतात ते गॅलँटामिन मुळात स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कंदातून मिळाले; चाचण्यांनंतर २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. गिंकोची मात्र निराशा झाली. पंचाहत्तरी गाठलेल्या ३,०६९ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गिंकोने स्मृतिभ्रंश रोखला नाही. ब्राह्मीचा घोळ नावापासूनच आहे. जलब्राह्मी आणि मंडूकपर्णी, दोन्ही त्याच नावाने विकल्या जातात. जलब्राह्मीचे बहुतेक प्रयोगही निरोगी माणसांवरचे. रुग्णांविषयीचा पुरावा तुटपुंजा.

मेंदूचे विकार बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. म्हणून वेष्टनावर रोगाचे नाव नसते, 'स्मरणशक्तीस पूरक' एवढेच असते. अन्न व औषध प्रशासनाचे मुख्यालय शेजारच्या वांद्रे-कुर्ला संकुलातच आहे. पण इतक्या सावध शब्दाला कायद्यात पकडणार कसे? ग्राहक मात्र त्याचा अर्थ 'उपाय' असाच लावतो.

पैशांपेक्षा मोठे नुकसान वेळेचे. विसराळूपणामागे कधी बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड किंवा नैराश्य असते आणि ते उपचारांनी सुधारू शकते. ही तपासणीच गोळ्यांच्या भरवशावर महिनोन्‌महिने लांबते. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याला गिंकोने रक्तस्रावाचा धोका संभवतो, हेही डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही.